सासरे, आरव्ही आणि चार ठिकाणं

प्रिय ताई,
आम्ही सॅन होजेला राहतो. सासू-सासरे फेब्रुवारीत साताऱ्याहून येत आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलांना (वय ९ आणि ६) स्प्रिंग ब्रेक आहे. नवऱ्याने ठरवलंय, विमानाने लास व्हेगासला जायचं, तिथे ३० फुटी आरव्ही (आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी) भाड्याने घ्यायची आणि सात दिवसांत झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं, पेज गाव आणि ग्रँड कॅन्यन करून परत यायचं. आरव्ही बुक झाली, मुक्कामाच्या जागा अजून एकही नाही. सासरे ७३ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गुडघे दुखतात, पण ग्रँड कॅन्यन पाहायचीच आहे. बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल म्हणतात. सासूबाईंना रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं, आणि ‘गाडीतच संडास, त्याला लागूनच ओटा’ हे ऐकल्यापासून त्या गप्प आहेत. नवऱ्याचं म्हणणं, हॉटेलपेक्षा स्वस्त पडेल आणि घरचं जेवण होईल. मला मात्र आत्तापासून दिसतंय की सुट्टीभर चालत्या गाडीत मी पोळ्या लाटत उभी आहे. काय करू?
– एक सून

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. चालत्या आरव्हीत कुणीही उभं राहायचं नसतं. पोळ्या लाटायला नाही, चहा टाकायला नाही आणि सासूबाईंना बाथरूमपर्यंत जायलासुद्धा नाही. मागे घर असलं तरी रस्त्यावर ती गाडीच असते, सहाच्या सहा जणांनी पट्टे बांधून बसायचं. भाड्याच्या कंपनीला आजच विचारा की पट्टे किती सीटना आहेत आणि धाकट्याचा बूस्टर (मुलांना उंच बसवायची सीट) समोर तोंड असलेल्या सीटवर बसतो का. बाजूला तोंड असलेल्या सोफ्यावर मुलाची सीट लावत नाहीत. म्हणजे तुमची निम्मी भीती इथेच संपली. कुणाला काही लागलं तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं. पण असं थांबत थांबत गेल्यावर तुमच्या मिस्टरांच्या वेळापत्रकाचं काय होईल, ते आता पाहू.

कागदावर त्यांचा बेत वाईट नाही. व्हेगास ते झायन सुमारे १६० मैल, झायन ते ब्राइस ८५, ब्राइस ते पेज १५०, पेज ते साउथ रिम (ग्रँड कॅन्यनची दक्षिण कडा) १३५ आणि तिथून व्हेगास २८०. मिनीव्हॅन आणि मोटेल असतं तर मी म्हटलं असतं, दमाल, पण जा. आरव्हीत मात्र रोज सकाळी घर आवरायचं असतं. पाण्याची नळी सोडवा, विजेची दोरी गुंडाळा, सांडपाण्याची नळी धुऊन ठेवा, स्लाइड (गाडीचा बाजूने बाहेर सरकणारा भाग) आत घ्या, कपाटांच्या कड्या लावा, ओट्यावर काही राहिलंय का बघा. पहिल्यांदाच करणाऱ्यांना यात सहज तास जातो आणि संध्याकाळी हेच सगळं उलट क्रमाने. त्यात गूगल जिथे तीन तास सांगतं तिथे या गाडीला पावणेचार लागतात, चढावर त्याहूनही जास्त. मला विचाराल तर चारही ठिकाणं बघायची असतील तर आरव्ही रद्द करा. आरव्हीतच राहायचं असेल तर ठिकाणं कमी करा. दोन्ही एकदम करायला गेलात की सासरे खिडकीतून मैलाचे दगड मोजत बसणार.

झायनमध्ये तर या गाडीचा उपयोगच कमी. झायनहून ब्राइसकडे जाणारा जवळचा रस्ता १९३० साली पूर्ण झालेल्या एका बोगद्यातून जातो. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आपल्या लेनमध्ये राहून त्यातून जाऊच शकत नाही आणि तुमची ३० फुटी निदान रुंदीत तरी नक्कीच अडकेल. मोठ्या गाड्यांचे तिथले नियम दिवसेंदिवस कडक होत चाललेत. वळसा घालून जावं तर ८५ मैल राहत नाहीत. आणि खुद्द झायनच्या दरीत शटल (पार्कची बस) सुरू असताना खासगी गाडी सोडतच नाहीत. मग एवढं धूड नुसतं उभं करायला तिथपर्यंत कशाला न्यायचं?

आता वसंताचं. एप्रिल म्हणजे सगळीकडे फुलं, असं आपण बे एरियात बसून समजतो. नैऋत्येच्या वाळवंटात मात्र वसंत उंचीप्रमाणे टप्प्याटप्प्याने चढतो. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर एप्रिलच्या सुरुवातीला दुपारी शर्टात फिराल, रात्री पातळ रजई पुरेल. सात हजार फुटांवर त्याच आठवड्यात पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो आणि एखाद दिवशी बर्फही पडतो. ब्राइसची कडा आठ-नऊ हजार फुटांवर, तिथे तर हिवाळा अजून मुक्कामालाच असतो. सासऱ्यांना कळेल असं सांगायचं तर ग्रँड कॅन्यनची दक्षिण कडा आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा दीड हजार फूट उंच आहे. तिथे जायचं ते स्वेटर, कानटोपी आणि रक्तदाबाच्या गोळ्या हाताशी ठेवून. पहिल्या दिवशी फार चालायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं.

शनिवारी दुपारी गाडी ताब्यात घ्या. ती दाखवून देण्यातच तासभर जातो. तो सगळा व्हिडिओ करून ठेवा, रात्री कुणालाच काही आठवत नाही. मग वाणसामान घ्या आणि बोल्डर सिटीच्या आसपास पंचवीस-तीस मैलांवर मुक्काम करा. पहिल्या रात्री काय राहिलं, काय चालत नाही ते कळतं आणि व्हेगास जवळ असतं. रविवारी किंगमन, विल्यम्स करत साउथ रिम. हाच काय तो लांबचा दिवस, उजेडात पोहोचता येईल अशा बेताने निघा. तिथे सलग तीन रात्री. बुधवारी निवांत निघून किंगमनला एक रात्र. गुरुवारी हूव्हर धरण आणि तिथून त्याच्या लेक मीड जलाशयाच्या कडेकडेने जाणाऱ्या नॉर्थशोर रस्त्याने व्हॅली ऑफ फायर. तिथे दोन रात्री, शनिवारी सकाळी गाडी परत.

साउथ रिमवर ट्रेलर व्हिलेज नावाचं कॅम्पग्राउंड आहे, पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेलं पार्कच्या आतलं तेवढं एकच. शेजारच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये जोडणी नाही आणि ३० फुटांच्या वरची गाडी चालत नाही. थंडीत म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथे जाऊ नका. ट्रेलर व्हिलेजच्या जागा कित्येक महिने आधी जातात, पण रद्दही होतात, तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहा. नाहीच मिळाली तर दक्षिण दरवाजाबाहेर टुसायान आहे. तेही भरलं असेल तर ६० मैल अलीकडे विल्यम्सला आरव्ही उभी करा आणि तिथून आगगाडीने कॅन्यनला जा. सव्वादोन तासांचा प्रवास आहे, गाडी थेट कडेजवळ आणून सोडते. खरं सांगू का, मुलं आणि आजोबा दोघांनाही कदाचित हेच जास्त आवडेल.

गुडघ्यांची तिथे काळजी नको. कडेची बरीचशी पायवाट फरसबंद आणि सपाट आहे, फुकट शटल बसना रॅम्प आहे. १ मार्चपासून हर्मिट रस्त्यावर खासगी गाड्या बंद होऊन शटल सुरू होते, तिने होपी पॉइंटला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. बसमध्ये चढणंही जड जात असेल तर व्हिजिटर सेंटरमध्ये अशा प्रवाशांसाठी खासगी गाडी नेण्याचा परवाना मिळतो. आणि सासूबाईंना एक सांगून ठेवा, तिथली खार आपल्या खारुताईसारखीच गरीब वाटते, पण शेंगदाणा द्यायला हात पुढे केला की कडाडून चावते.

हूव्हर धरण तुमच्या यादीतच नव्हतं याचं मला नवल वाटलं. घरात पाटबंधाऱ्याचा माणूस आहे! कोयनेची भिंत १०३ मीटर, ही २२१. बांधून झाली १९३५-३६ च्या सुमारास. आरव्ही तिथे नेता येते, फक्त नाक्यावर आत डोकावून तपासतात. बाबांना तिथे दोन तास द्या, घाई करू नका, मुलांना काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील. लेक मीडच्या कातळावर पाणी उतरल्याचा पांढरा पट्टा दिसतो, त्यावरच अर्धा तास बोलतील.

व्हॅली ऑफ फायर नेवाडातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. लाल दगड, पिवळी डेझर्ट मॅरिगोल्ड, नशीब असेल तर वळलेल्या शिंगांच्या रानमेंढ्या. ॲटलॅटल रॉकपाशी आरव्हीला पाणी-वीज आहे. तिथल्या कातळावरची प्राचीन कोरीव चित्रं पाहायला मात्र लोखंडी जिना चढावा लागतो, तो आजोबांनी खालूनच पाहावा. जाईपर्यंत मनासारखी थंडी वाजून झालेली असते, म्हणून ऊब शेवटी ठेवली.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो त्यांनी विचारला नाही, तुम्ही विचारलात, पण सगळ्यात खरा प्रश्न तोच आहे.

पहिलं म्हणजे मागची मोठी खोली आई-बाबांना द्या. क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असलेल्या, आरव्हीत बहुधा संडास तिला लागूनच असतो, म्हणजे रात्री अंधारात कुणाला ओलांडून जावं लागत नाही. तो माळा मुलांना, तो त्यांना स्वर्ग वाटतो. तुम्ही दोघं जेवणाचं टेबल पाडून त्यावर. पाठ दुखेल, त्याला इलाज नाही. पॅसेजमध्ये पायाशी बॅटरीवरचा छोटा दिवा चिकटवा. बाहेरच्या पायऱ्या उंच असतात, एक रुंद, घसरत नाही असा स्टूल जवळ ठेवा.

संडासाला पायाने दाबायचा खटका असतो. अर्धा दाबला की पाणी येतं, पूर्ण दाबला की झडप उघडते. आधी थोडं पाणी घेतलं की मग कसला वास येत नाही. मैल्याची टाकी वेगळी आणि हातपाय धुतलेल्या, भांड्यांच्या पाण्याची वेगळी. पहिलीत साधारण ३० गॅलन मावतं. लोक काय चुकतात, तर जागेवर पोहोचले की सांडपाण्याची नळी जोडतात आणि मैल्याच्या टाकीची झडप उघडीच ठेवतात. पाणी वाहून जातं आणि घट्ट ते खाली साचून बसतं. झडप बंदच ठेवायची. टाकी निदान दोन तृतीयांश भरली की हातमोजे घालून आधी ती उघडायची, रिकामी झाली की बंद करून मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. अमेरिकन लोक कागद जास्त आणि पाणी कमी वापरून ही टाकी तुंबवतात. आपला तांब्या इथे फायद्याचाच, हे सासूबाईंना जरूर सांगा, बरं वाटेल. कागद वापरायचाच तर विरघळणारा, आरव्हीसाठी मिळतो तो. ही टाकी रिकामी करायचं काम मिस्टरांचं, आरव्ही ज्याने सुचवली त्याचं. यावर चर्चा नको.

आंघोळीला गरम पाणी बहुधा सहा गॅलन, म्हणजे जेमतेम बादलीभर. एकाची झाली की वीस मिनिटं थांबायचं. सकाळी सहा जणांचा नंबर लावू नका, मुलांना संध्याकाळी घाला. साउथ रिमवर रात्री बाहेरची पाण्याची नळी काढून ठेवायची, नाहीतर पहाटे आत बर्फ. आदल्या संध्याकाळी गाडीची टाकी भरून घ्या आणि रात्री त्यातलं पाणी वापरा.

मला वाटतं, सासूबाईंची अडचण संडास नसून न पाहिलेला संडास आहे. त्या आल्यावर एका शनिवारी तुमच्याच भागातल्या आरव्ही विक्रीच्या आवारात घेऊन जा. आत चढू द्या, दार लावून आत उभं राहू द्या, गादीवर बसू द्या. मिस्टरांना बरोबर नेऊ नका, ते लगेच माहिती सांगायला लागतील. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या तर ते नको खरं माना. साउथ रिमवर खोल्या मिळतात, तुम्ही आरव्हीत आणि आई-बाबा खोलीत असंही करता येतं.

स्वयंपाकाचं. सात हजार फुटांवर पाणी ९३ अंशांच्या आतबाहेरच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजेपर्यंत मुलं झोपून जातील. छोटा कुकर न्याच. आरव्हीची ३० अँपियरची जोडणी म्हणजे ३६०० वॉट. हीटर १५००, मायक्रोवेव्ह तेवढाच, इन्स्टंट पॉट हजार, की उडाला खटका. एका वेळी दोनच गोष्टी चालवा. आणि आत मिरचीची फोडणी मुळीच नको. छत डोक्याला टेकायला आलेलं, धुराचा भोंगा दीड हात अंतरावर, तडतडलेली मोहरी पडायच्या आत तो बोंबलतो. वास गाद्यांत बसतो तो वेगळाच, परत करताना साफसफाईचे पैसे कापतात. एक बर्नरची शेगडी घेऊन बाहेरच्या टेबलावर फोडणी द्या, सगळ्या कॅम्पग्राउंडला कळेल कोण आलंय. सिंकमध्ये तेल किंवा शितं जाऊ देऊ नका, ताटल्या आधी कागदाने पुसा. मेतकूट-भात, थालीपीठ, खिचडी, तूप-पोळी-गूळ यापलीकडे बेत आखू नका. एक संध्याकाळ सगळे बाहेर जेवा.

गाडी चालवण्याबद्दल थोडं. परवाना साधा चालतो. पण एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर वळून, मागे घेऊन बघितल्याशिवाय हायवेला लागू नका. मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो, उजवीकडे वळताना शेपूट डावीकडे फिरतं आणि पेट्रोल पंपाचा खांब धरतं. गाडीची उंची चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावा. मागे घेताना एकाने खाली उतरायचं, ते काम तुमचं, आणि ‘अजून ये, अजून ये’ असं न म्हणता हाताने किती फूट ते दाखवायचं.

तिकडे वसंत म्हणजे वारा, आणि ही गाडी म्हणजे चाकांवरची भिंत. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर त्या दिवशी हलू नका. एका एप्रिलमध्ये आम्ही बाहेरचा पडदा, म्हणजे ऑनिंग, उघडा ठेवून गप्पा मारता मारता झोपलो. रात्री दोनला असा आवाज झाला की मला वाटलं कुणी छपरावर चढलंय. बाहेर येऊन पाहतो तर पडदा दांड्यांसकट उलटून वर जाऊन पडलेला. डिपॉझिट गेलं, बरोबरच गेलं. झोपताना आणि जागा सोडताना पडदा गुंडाळलेला हवा.

स्वस्त पडेल हे मात्र विसरा. दिवसाच्या भाड्यावर मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे, तयारीचे, विम्याचे, वर दर रात्रीचं जागेचं भाडं. विम्यासाठी क्रेडिट कार्डावर विसंबू नका, बहुतेक कार्डांत आरव्ही वगळलेली असते. पेट्रोल गॅलनला आठ-दहा मैल. माझा रस्ता साडेसहाशे-सातशे मैलांचा, म्हणजे ८० गॅलन धरून चाला. शिवाय २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून ११ पार्कांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या प्रत्येकाला नेहमीच्या प्रवेशशुल्कावर १०० डॉलर जास्त पडतात, किंवा मग २५० डॉलरचा वार्षिक पास. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर, तेव्हा निघण्याआधी पार्कच्या साइटवर हा नियम नीट वाचून पास घ्या आणि तुमचं ओळखपत्र बरोबर ठेवा. वर हेही मिस्टरांना दाखवा, तीन पार्कांचा हिशेब आपोआप बसेल.

सगळ्यात आधी ट्रेलर व्हिलेजच्या त्या तीन रात्री बघा, बाकीचं त्याभोवती रचता येईल. तारखा जुळल्याच नाहीत तर आरव्ही रद्द करण्याची मुदत कधीपर्यंत आहे ते करारात शोधून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि पोळ्यांचं म्हणाल तर वीस-पंचवीस घरून करून, कागदात गुंडाळून बॅगेत टाका. तीन दिवस पुरतील, पुढे टॉर्टिया आहेत. लाटणं घरीच राहू दे.